उत्तरेचा बाण

त्याचं नाव इथं लिहिता येणार नाही.
कोर्टाच्या कागदांतही तो नावानं नाही, क्रमांकानं आहे,
आणि त्याच क्रमांकापुढे, गोल शिक्क्याखाली, मी :
आधार-व्यक्ती.
एकतीस वर्षं सर्वे खात्यात नकाशे काढले.
कुणाचा बांध कुठवर, कुणाचा माड कुणाच्या अंगणात वाकला.
भांडणं पुष्कळ पाहिली. पण ती जमिनीची.

पहिले तीन गुरुवार तो बोललाच नाही.
मेरशीच्या त्या खोलीत पंखा, दोन खुर्च्या,
भिंतीवर कुणीतरी रंगवलेला, जरा जास्तच हसणारा हत्ती.
मीही बोलले नाही.
पिशवीतून कागद काढून खोलीचाच आराखडा काढत बसले.
चौथ्या गुरुवारी त्यानं वाकून पाहिलं.
"हत्ती उरलो," म्हणाला.

मग एकदा : "तुका पयशे मेळटात?"
ना, म्हटलं.
"मागीर येता कित्याक?"
मला सांगता येईना.
त्याला ते चाललं.
मोठ्यांनी सांगितलेली कारणं
नऊ वर्षांत त्यानं बरीच ऐकली असावीत.

आणि नकाशाच्या कोपऱ्यात हा बाण कसला?
ही उत्तर दिशा.
आधी ती ठरवायची, भिंती मग.
म्हणजे कागद कुणाच्याही हाती गेला तरी
त्याला कळतं, कुठं तोंड करून उभं राहायचं.

अहवालात एक रकाना असतो : मुलाची इच्छा.
आई गेलेली, बाप तारवावर, घर काकाच्या ताब्यात.
मला वाटलं, पप्पा म्हणेल.
तो म्हणाला, मस्कतला कोण जेवण घालतं ते बघून ये.
मस्कत म्हणजे कुत्रा.
बाप पहिल्या सफरीवरून परतला
तेव्हा त्यानं ठेवलेलं नाव.

रायबंदरहून फेरीबोट. चोडणची उतरंड, भरतीचं पाणी पायरीवर.
घराला कुलूप.
मागच्या पडवीत पालथं भांडं,
खिळ्याला दोन दोऱ्या.
कुत्र्याला एकच लागते.

मस्कत पोदेराच्या भट्टीमागे सापडला,
उबेला, जाडजूड, राखेत लोळलेला.
"आमकां आवाज येतालो गो बाये,"
रोझारिया म्हणाली,
आणि टोपलीतले उंडे मोजू लागली,
मोजून झालेलेच.

त्यानंतर तारखा.
एकदा वकील आजारी, एकदा साक्षीदार आला नाही,
एकदा नुसतीच वीज गेली.
कोर्टाला शाळेपेक्षा सुट्ट्या जास्त, हे त्याचं निरीक्षण
मी अहवालात घातलं नाही. घालायला हवं होतं.

शेवटी पणजीत, त्या आतल्या खोलीत,
जज्जबाईंच्या अंगावर काळा कोट नव्हता,
टेबलावर बिस्किटं होती.
काय झालं ते सांगशील, बाळ?
तो बिस्किटांकडे बघत राहिला.
मला बोलायची परवानगी नाही.
माझं काम शेजारी बसणं,
इतकंच, आणि ते किती जड असू शकतं
हे प्रशिक्षणाच्या तीन दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं कागद मागितला.
आधी कोपऱ्यात बाण.
मग रांधप, बाव, पडवी.
मग खिळा, अगदी सावकाश,
आणि दोन रेघा खाली सोडलेल्या.

जज्जबाईंनी कागद आपल्याकडे फिरवून घेतला.
त्यानं तो परत होता तसा केला.
"उत्तर हांगा आसा," म्हणाला, बोट ठेवून.
खोलीत कुणी हललं नाही.
मग त्या खुर्चीवरून उठल्या,
टेबलाला वळसा घालून
त्याच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, बघायला.

निकाल नाही. पुढची तारीख एकोणीस.
जिना उतरताना, मी येणार का,
हे त्यानं विचारलं नाही.
माझ्या पिशवीतली पेन्सिल तेवढी
स्वतःच्या खिशात घालून घेतली,
टोक वर करून.